चिंचेने घासलेली दुनळी

लग्नाच्या पहिल्याच वर्षी मी एक इंग्रजी दुनळी बंदूक चिंच आणि राख लावून घासली. लाकूड भिजू नये एवढी अक्कल होती, म्हणून ती तोंडाकडून पितळी बादलीत उभी केली, चिंचेच्या कोळात मुरवली, नारळाच्या शेंडीने चोळली, तरी जिथे काळं हटेना तिथे नवऱ्याच्या पेटीतला पॉलिश पेपर मारला, आणि शेवटी गच्चीवर सांडग्यांच्या शेजारी उन्हात वाळत ठेवली. बंदुकीला हात लावण्याआधी ती भरलेली आहे की रिकामी हे बघायचं असतं, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. रिकामी होती. नाहीतर हा लेख दुसऱ्या कुणीतरी लिहिला असता, आणि तो माझ्याबद्दल असता.

बंदूक आमची नव्हती, हे सांगायचं राहिलं. गिऱ्हाइकाची होती.

आमचं घर बेंगळुरात, राजाजीनगरला. खाली बंदुकांचं दुकान, वर आम्ही. माझे सासरे, म्हणजे मामंजी, तरुणपणी निपाणीहून इकडे आले, कॅन्टोनमेंटमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराच्या हाताखाली शिकले आणि मग स्वतःचं दुकान टाकलं. मी बेळगावची. माहेरी आईने माझ्यावर एकच संस्कार केला होता: काळं दिसलं की घासायचं. तवा, समई, बंब, काहीही. तेव्हाची ती सूनबाई आज माझ्यापुढे उभी राहिली तर मी तिच्या हातातली चिंच आधी काढून घेईन. पण तेव्हा तिला वाटलं, सासरी सगळ्यांवर छाप पाडायची ही संधी आहे. दुकानातली बंदूक काळीकुट्ट दिसतेय, कुणाचं लक्ष नाही, आपण चकाचक करून देऊ.

आता मला माहीत आहे की नळीवरची ती काळी-निळी झाक कारागिराने मुद्दाम चढवलेली असते. लोखंड गंजू नये म्हणून. आणि त्या झाकेखाली, दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवर, बनवणाऱ्याचं नाव नाजूक अक्षरात कोरलेलं असतं. असतं म्हणजे, होतं.

मामंजी जेवण झाल्यावर पान खायला गच्चीवर आले. नळ्या उन्हात इतक्या चमकत होत्या की त्यांनी डोळ्यांवर हात धरला.

“सूनबाई, हे काय?”

“स्वच्छ झाली ना?” मी म्हटलं. पदर खोचलेला, कोपरापर्यंत राख.

मामंजी मटकन खाली बसले. सांडग्यांवर.

बंदूक होती पूवय्या नावाच्या कूर्गच्या कॉफीवाल्यांची. कूर्गात भाताची लावणी संपली की कैलपोळ्द नावाचा सण असतो. आपल्या खंडेनवमीसारखी शस्त्रं पुजतात, बंदुकीच्या नळीत कळलावीचं फूल खोचतात. त्याआधी तिकडच्या बंदुका आमच्याकडे तेलपाण्याला येत. चार दिवसांनी पूवय्या आपली बंदूक न्यायला आले. उंच, गोरे, मिशा पांढऱ्या. मामंजी हात जोडून उभे, हे, म्हणजे आमचे यजमान, भिंतीकडे बघत उभे, आणि मी जिन्यात दाराआड. पूवय्यांनी बंदूक डाव्या हातावर तोलून धरली. त्या हाताची शेवटची दोन बोटं आकड्यासारखी वाकडी होती, ती सरळच होत नव्हती. नळीत त्यांना स्वतःच्या मिशा दिसल्या. मिशांवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाले, “बरं झालं. आता रानडुक्कर आधी आपला भांग पाडेल, तेवढ्यात मी नेम धरीन.”

एवढंच. रागावले असते तर परवडलं असतं.

सण उरकल्यावर मामंजींनी नळ्यांवर पुन्हा रंग चढवून दिला, पण कोरलेलं नाव काही परत आलं नाही.  दुसऱ्या दिवशी मला खाली बोलावलं, समोर मोडक्या बंदुकांचा ढीग ठेवला, हातात भिंग दिलं आणि म्हणाले, “बघ. फक्त बघायचं. हात मागे.” कितीतरी दिवस मी हात पाठीमागे बांधून, मान पुढे काढून, बगळ्यासारखी बंदुका बघत होते. भिंग धरायचं तर एक हात लागणारच, तेवढी सूट होती. दुसरा मागे. मुलं झाली, ती मोठी झाली, हे गेले, मामंजी त्याआधीच गेले, आणि दुकान धाकट्याने हातात घेतलं. पण बंदूक समोर आली की अजून माझा डावा हात आपोआप पाठीमागे जातो.

अशी मी बंदुकांचं वय सांगणारी बाई झाले.

बंदुकीला जन्मदाखला नसतो. लोकांना वाटतं, वर साल कोरलेलं असेल. सैन्याच्या बंदुकांवर असतं, राजाचा मुकुट आणि खाली साल. शिकारीच्या बंदुकीवर बहुधा नसतं. मग मामंजींनी घालून दिलेला क्रम. आधी ती मोडून, म्हणजे बिजागरीवर उघडून, नळीतून आरपार उजेड बघायचा, म्हणजे रिकामी आहे ही खात्री. मग नंबर. मग ठसे. इंग्लंडात बंदूक तयार झाली की तिला एका कसोटीघरात नेत आणि तिथे तिच्यात मुद्दाम जास्तीची दारू ठासून बार काढत. फुटली नाही तर पास. पास झाली की अंगावर मुकुट आणि आडव्या काठ्यांचे बारीक ठसे मारत. काही वर्षं ह्या ठशांत एक छोटं वर्तुळ आणि त्यात एक अक्षर असे. दर साली अक्षर वेगळं. ती अक्षरं मामंजींनी माझ्याकडून पाढ्यांसारखी पाठ करून घेतली होती. ठशांनंतर स्क्रू, मग लाकूड. आणि सगळ्यात शेवटी मालकाची गोष्ट.

“गोष्ट आधी ऐकलीस की डोळे बिघडतात,” मामंजी म्हणत.

खरंच होतं ते. कारण गोष्टी फार असत. बेंगळुरात येणारी दर दुसरी बंदूक कुठल्यातरी महाराजांनी कुणाच्यातरी पणजोबांना दिलेली असते. महाराजांनी एवढ्या बंदुका वाटल्या असत्या तर राज्य करायला त्यांच्याकडे काठीसुद्धा उरली नसती. माणसं स्थळ दाखवताना मुलीचं वय कमी करतात आणि बंदूक दाखवताना तिचं वय वाढवतात. दोन्हीकडे खरं बोलणाऱ्या बाईचं कुणी तोंड बघत नाही.

पण गर्वाचं घर खाली कसं झालं तेही सांगते. इंदिरानगरातला एक पुण्याचा मुलगा, सौरभ, ठासणीचं पिस्तूल घेऊन आला. हॉलमध्ये लावायचं होतं त्याला.

“आजी, बेसिकली मला फक्त एज कन्फर्म करायचंय. विकणारा म्हणाला सत्तावन्नच्या बंडातलं आहे.”

मी भिंग लावलं. मुठीवरचा स्क्रू आजकालचा, चांदणीच्या खाचेचा. मला कोण आनंद झाला! म्हटलं, “बाळा, हा स्क्रू तुझ्या आईच्या मिक्सरचा सख्खा भाऊ आहे. हे पिस्तूल तुझ्यापेक्षा लहान असेल.”

तो जरासुद्धा ओशाळला नाही. “पण आजी, स्क्रू नंतर रिप्लेस केला असेल ना? आमची सोसायटी तीस वर्षं जुनी आहे. किचनचा नळ मागच्या महिन्यात बदलला. म्हणून बिल्डिंग मागच्या महिन्यातली होत नाही.”

 इतकी वर्षं भिंग धरून मी हे स्वतःशी कधी म्हटलं नव्हतं. धाकटा काउंटरमागे तोंड लपवून हसत होता. पुढे त्या पिस्तुलाची नळी दोन बोटांपलीकडे भरीव निघाली, म्हणजे ते शोभेचंच होतं, तो भाग वेगळा. सौरभने तरीही ते हॉलमध्ये लावलंय आणि पाहुण्यांना सांगतो, “हे आजींनी रिजेक्ट केलेलं पिस्तूल.” पण त्याचा तो नळ माझ्या डोक्यात ठिबकत राहिला. आणि बरं झालं राहिला.

कारण गेल्या वर्षी कैलपोळ्दच्या जरा आधी दुकानासमोर कॅब थांबली. आधी साठीचा एक गृहस्थ उतरला, हातात कापडी खोळीतली बंदूक. मागून त्याच्या दंडाला धरून एक म्हातारी बाई. नव्वदीला टेकलेली, पाठ मात्र ताठ. साडीच्या निऱ्या कूर्गच्या पद्धतीने पाठीमागे.

“व्हाइटफील्डहून आलो,” गृहस्थ घाम पुसत म्हणाला. “एवढ्या वेळात कूर्गचा अर्धा रस्ता कापला असता.”

त्याचं नाव मुत्तण्णा. बाई त्याची आत्या, पोन्नम्मा, त्याच्याकडेच राहतात. आमचं बोलणं सगळं कन्नडात झालं. इथे मराठीत देते. पोन्नम्मांनी मला बघताच ‘तंगी’ म्हटलं, म्हणजे धाकटी बहीण. सत्तरी ओलांडल्यावर कुणी धाकटं म्हणालं की त्याचं काम आधी करावंसं वाटतं.

“तंगी, एकच सांग. ही बंदूक माझ्या आधीची की माझ्या नंतरची?”

मुत्तण्णाने खोळ सोडली. लाकूड बाहेर आलं, मग नळ्या. नळ्यांवर आडवे बारीक ओरखडे. माणूस आपलं अक्षर ओळखतो तसे मी ते ओळखले. पॉलिश पेपरचे होते. माझ्या.

“कुणाची म्हणालात बंदूक?” मी विचारलं. आवाज जरा वर गेला असावा, कारण धाकट्याने मान वर केली.

“माझ्या वडिलांची. पूवय्या,” पोन्नम्मा म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून बसले.

भानगड अशी होती. कूर्गात घरात मुलगा झाला की अंगणात बंदुकीचा एक बार काढतात. सगळ्या डोंगराला कळतं, अमक्याकडे मुलगा झाला. माणूस गेला की दोन बार. मुलगी झाली तर बार काढायची रीत नव्हती. पण पोन्नम्मांना वडिलांनी लहानपणापासून सांगितलं होतं, “तू आलीस तेव्हा मी ह्याच बंदुकीचा बार काढला.” पोन्नम्मांचे आजोबा ओरडले, मुलीसाठी कुणी दारू जाळतं का. काकांचा एक कान बसला. पोन्नम्मांनी ही गोष्ट जन्मभर जपली होती, आणि त्यांची एकच इच्छा होती: ज्या बंदुकीने मी आल्याचं सांगितलं, तिनेच मी गेल्याचं सांगावं.

“आणि मी म्हणतो, ही बंदूक कशाला सांभाळायची?” मुत्तण्णा म्हणाला. “दर वेळी परवान्याचे कागद, निवडणूक आली की ठाण्यात जमा करा, परत आणा. अपार्टमेंटमध्ये सेक्रेटरी माझ्याकडे दरोडेखोरासारखा बघतो. एक गिऱ्हाईक आलंय, विकून टाकतो. आजोबा गोड बोलायचे, अम्मा. मुलीला खूश करायला काहीतरी सांगितलं असणार. माझ्या जन्माला मात्र खरंच बार काढला होता, ह्याच बंदुकीचा. माझ्या आईने ऐकलाय, गावाने ऐकलाय.”

“गावाने ऐकलाय, गावाने ऐकलाय,” पोन्नम्मांनी वेडावून दाखवलं. “साठ वर्षं हेच ऐकतेय मी, तंगी. बार एकदा वाजला, हा अजून वाजतोय.”

“म्हणून ठरलंय,” मुत्तण्णा हसला, पण मागे हटला नाही. “बंदूक अत्तेच्या जन्माआधीची निघाली तर ठेवतो. नंतरची निघाली तर उद्या विकतो. तुम्ही सांगाल ते दोघांना कबूल.”

पोन्नम्मांनी आपलं जन्मसाल सांगितलं, मी मनात लिहून घेतलं.

“वरचं नाव कुठे गेलं?” मुत्तण्णाने पट्टीवर बोट ठेवलं. “नाव-पत्ता असता तर सोपं झालं असतं ना?”

“झालं असतं,” मी म्हटलं. “कुणीतरी घासलेलं दिसतंय.”

धाकट्याला आमच्या घरातली ही कथा तोंडपाठ आहे. त्याला एकदम आत काहीतरी काम आठवलं.

मी बंदूक मोडली, नळीतून उजेड बघितला. नळ्यांखालचं लाकूड काढलं, नळ्या सांगाड्यापासून वेगळ्या केल्या. सांगाडा म्हणजे बंदुकीचं पोट, जिथे चाप आणि घोडे असतात. त्या जुन्या सूनबाईला बंदूक अशी सुटी होते हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे आतल्या ठशांपर्यंत तिची चिंच पोचली नव्हती. अज्ञानाचे उपकार असे असतात. डावा हात मागे, उजव्यात भिंग. नळ्यांच्या बुडाशी मुकुट दिसला, आडव्या काठ्या दिसल्या, आणि त्यांच्या शेजारी वर्तुळ. वर्तुळात अक्षर. अगदी स्वच्छ.

मी मनातल्या मनात पाढा म्हटला. पुन्हा म्हटला. उलटा म्हणून पाहिला. बोटांवर मोजलं.

पोन्नम्मांच्या जन्मानंतरचं साल.

खोटं बोलावं असं मला वाटलं नाही म्हणाले तर तेच खोटं होईल. एक अक्षर पुढे-मागे करायचं, कोण तपासणार होतं? पण मामंजी वारले त्याला इतकी वर्षं झाली तरी ह्या दुकानात ते ऐकत असतात असं मला वाटतं.

“नळ्या तुमच्यानंतर वर्षभराच्या आहेत, अक्का,” मी म्हटलं.

मुत्तण्णाने सुस्कारा टाकला. जिंकल्याचा नव्हता तो. त्याला एवढं लगेच जिंकायचं नसावं.  पोन्नम्मांनी पदर सारखा केला, खोळ हातात घेतली आणि तिची घडी घालू लागल्या. घडी जमेना.

“सरी,” त्या म्हणाल्या, म्हणजे ठीक आहे. “विकून टाक, मुत्तण्णा. बाबा बोलायला गोड होते, हे खरंय.”

मला एकदम त्या पुण्याच्या मुलाचा स्वयंपाकघरातला नळ ऐकू आला.

मी काय म्हणाले होते? नळ्या नंतरच्या आहेत. बंदूक कुठे म्हणाले होते? नळ्या म्हणजे नळ. सोसायटी बाकी होती! मी सांगाडा उचलला, पुसला आणि धाकट्याला हाक मारली, “अरे, फोनचा दिवा धर इकडे!” सांगाड्याच्या सपाट पाठीवर ठशांची एक ओळ होती, नळ्यांवर होती तशीच, त्याच सालाची. आणि तिच्या बाजूला, तेलकट मळाखाली, दुसरी ओळ. तसाच मुकुट, तसंच वर्तुळ, अक्षर मात्र आधीचं. बरंच आधीचं.

“मुत्तण्णा, खाली बसा,” मी म्हटलं. “नळ्यांना एकदा परीक्षेला बसवलंय, सांगाड्याला दोनदा. म्हणजे बंदूक अक्कांच्या जन्माआधीची आहे. तिच्या नळ्या बदलल्यात. इंग्लंडला परत पाठवून नव्या बसवून आणल्यात.”

“चांगल्या बंदुकीच्या नळ्या कशाला कोण बदलेल?” मुत्तण्णा म्हणाला. माणूस हुशार. “नळ्या तर दोन-दोन पिढ्या टिकतात.”

“तेच तर.”

मी नळ्यांखालचं लाकूड हातात घेतलं. नेम धरताना डावा हात ज्या लाकडाला धरतो तेच. आतल्या बाजूने ते लांबवर चिरलेलं होतं आणि चीर पितळेच्या पट्टीने आणि बारीक खिळ्यांनी सांधलेली होती. जुनी सांधणी. लाकूड असं आतून बाहेर फाटतं ते एकाच कारणाने. वरची नळी फुगते किंवा फुटते तेव्हा. आणि नळी फुटते ती दारू जास्त झाली की.

आता माझ्याकडून मामंजींचा क्रम उलटा झाला होता. गोष्ट आधी ऐकली, तीही अर्धीच, आणि लाकूड बघण्याआधीच निकाल देऊन बसले होते.

“अक्का, बाबांनी बार काढला ते सगळं सांगा बरं. काडतुसं कुठली होती?”

“घरीच भरायचे. आजोबांचा त्यांना राग आला होता. मुलीसाठी दारू जाळू नको म्हणाले ना, म्हणून त्यांनी दुप्पट भरली. आई सांगायची, कॉफी वाळवायच्या अंगणामागे जाऊन उडवला. एवढा आवाज झाला की गाय दावं तोडून गेली. काकांचा कान गेला.”

“आणि बाबांचा हात?”

“हात?”

“डावा हात. दोन बोटं वाकडी होती त्यांची.”

पोन्नम्मांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. “तू कधी पाहिलीस?”

“ह्याच दुकानात. तुम्ही उभ्या आहात तिथेच उभे होते ते.”

“ती तर झाड तोडताना गेली. फांदी पडली. मी लहान असताना विचारायचे तेव्हा असंच सांगायचे.”

“आजोबा?” मुत्तण्णा म्हणाला. “झाड तोडताना? अत्ते, त्यांनी जन्मात कुऱ्हाड उचलली नाही. त्यांना फणस फोडायलासुद्धा माणूस लागायचा.”

मी भिंग बाजूला ठेवलं. 

मी म्हटलं, “हे बघा, मी शपथ घेऊन एवढंच सांगू शकते. बंदूक अक्कांच्या आधीची. तिची नळी फुटली आणि अक्कांच्या जन्मानंतर वर्षभरात नवी बसून आली. नळी फुटली तेव्हा जो कुणी ती धरून होता त्याचा डावा हात शाबूत राहिला नसणार. बाकीचं मी सांगत नाही. ते ठशांत नाही.”

पोन्नम्मांनी हात पुढे केला. मी लाकूड त्यांच्या हातात दिलं. चिरेवरच्या पितळी पट्टीवरून त्यांनी अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. शेवटची दोन बोटं आत दुमडून त्यांनी ते लाकूड डाव्या हातात धरून पाहिलं. बसलं हातात.

“फांदी म्हणे,” त्या पुटपुटल्या. “खोटारडा माणूस.”

मुत्तण्णा खाकरला. “सरी. ठेवू बंदूक. सेक्रेटरीला काय सांगायचं ते मी बघतो.”

“पण एक लक्षात ठेवा,” मी म्हटलं. “नळ्या आता पातळ झाल्यात. पूवय्यांसारखी दुप्पट दारू भरायची नाही. ज्या दिवशी बार काढायचे असतील त्याआधी इथे आणा, मी तपासून देईन.”

“मेल्यावर मला यायला जमणार नाही, तंगी,” पोन्नम्मा म्हणाल्या. “मुत्तण्णाला पाठवीन.”

नळ्या पातळ झाल्या म्हणताना माझी जीभ जरा अडखळली होती, कारण त्या कुणामुळे पातळ झाल्या हे मला माहीत होतं. बंदूक जोडून खोळीत घालताना मी शेवटी सांगून टाकलं. चिंच, राख, पितळी बादली, पॉलिश पेपर, सांडगे, सगळं. पट्टीवरचं नाव मी खाल्लं, हेही.

 पोन्नम्मांचे खांदे हसण्याने हलू लागले.

“ती तू होय? बाबा दर कैलपोळ्दला सांगायचे, बेंगळुरात एक नवी सून आहे, तिने माझ्या बंदुकीचं रसम केलं! त्या वर्षी पूजेला आमची बंदूक एवढी चमकत होती की शेजारच्यांनी विचारलं, चांदीची केली का?” त्यांनी डोळे पुसले. “बाबा म्हणायचे, कशी घासली बघा, शेंबडं पोर न्हाऊ घालतात तशी.”

इतक्या वर्षांनी माझ्या कामाला मिळालेली ही पहिली पोचपावती.

धाकट्याने कॅब बोलावली. मुत्तण्णाने बंदूक आधी आत ठेवली, मग आत्याला हात दिला. गाडी निघता निघता खिडकीची काच खाली आली. मी पुढे वाकले. मुत्तण्णाला नीट ऐकू जाईल एवढ्या आवाजात पोन्नम्मा मला म्हणाल्या:

“तंगी, हा झाला तेव्हा बंदूक नुसती वाजली होती. माझ्या वेळेला फुटली.”